वेम्बलीत माणसं मावतात तरी किती?

लंडनच्या वेम्बली स्टेडियमची आजची क्षमता ९०,०००. १९२३ साली ते उभं राहिलं तेव्हा हा आकडा सव्वा लाखाच्या वर सांगितला जायचा. पुढे तो एक लाखावर आला, आणि १९९० च्या सुमारास ऐंशी हजारांच्या आसपास. जुनं पाडून त्याच जागी बांधलेलं नवं स्टेडियम आकाराने कितीतरी मोठं आहे, तरी त्यात पहिल्यापेक्षा कमी माणसं बसतात. हे कोडं सोडवायचं तर क्षमता म्हणजे काय, ती कशी मोजतात आणि कोणत्या चुकांमधून हे गणित तयार झालं, हे पाहावं लागतं. त्यातल्या बऱ्याच चुका वेम्बलीतच झाल्या आहेत.

आधी जागेबद्दल थोडं. रेल्वेसम्राट एडवर्ड वॉटकिन यांना इथे पॅरिसच्या आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधायचा होता. पहिला टप्पा १८९६ मध्ये खुलाही झाला. पण पाया खचू लागला, पैसे आटले आणि १९०७ पर्यंत सगळं लोखंड उतरवलं गेलं. पुढे ब्रिटिश साम्राज्याच्या १९२४ च्या प्रदर्शनासाठी त्याच जागेवर काँक्रीटचं 'एम्पायर स्टेडियम' आलं. ओवेन विल्यम्स हे त्याचे अभियंता. बांधकाम ३०० दिवसांत उरकलं, खर्च साडेसात लाख पौंड. पायऱ्या भार पेलतात की नाही हे तपासायला माणसांच्या तुकड्या त्यांवर चढवून एका तालात पाय आपटायला लावले. चाचणी योग्यच होती, कारण स्वस्थ उभ्या असलेल्या गर्दीपेक्षा एकाच वेळी उड्या मारणारी गर्दी बांधकामाला जास्त हादरे देते. पायऱ्या टिकल्या. फाटकांची मात्र अशी परीक्षा कोणी घेतली नाही.

२८ एप्रिल १९२३

पहिलाच मोठा सामना इंग्लिश फुटबॉलच्या एफए कपचा अंतिम सामना होता, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. एवढं अवाढव्य स्टेडियम भरणार नाही, असं आयोजकांना वाटत होतं. त्यामुळे उभ्याने पाहणाऱ्यांसाठी आगाऊ तिकिटं ठेवली नव्हती. यायचं, फाटकावर पैसे द्यायचे आणि आत जायचं. पण वेस्ट हॅम हा लंडनचाच संघ, हवा छान, नव्या स्टेडियमचं कुतूहल आणि शहरातून थेट रेल्वे. ठरल्याप्रमाणे साडेअकराला फाटकं उघडली. एक वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पावणेदोनला आत जागा नाही म्हणून फाटकं बंद केली, पण स्थानकांवर गाड्या येतच राहिल्या. सव्वादोनच्या सुमारास बाहेरची गर्दी कठडे मोडून, भिंतींवरून आत घुसली.

अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची आहे. खरा आकडा कोणालाच माहीत नाही. अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत जातात. सामना सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा मैदानावर गवत दिसत नव्हतं, डोकीच दिसत होती. घोडेस्वार पोलिसांनी गर्दी हळूहळू रेषेबाहेर सरकवली. त्यातले जॉर्ज स्कोरी आणि त्यांचा घोडा बिली छायाचित्रांमुळे अजरामर झाले. बिलीचा रंग राखाडी होता. कृष्णधवल चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसला आणि सामन्याला 'पांढऱ्या घोड्याची फायनल' हे नाव चिकटलं.

खेळ ४५ मिनिटं उशिरा सुरू झाला. प्रेक्षक थेट रेषेला टेकून उभे होते. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल केला, तेव्हा थ्रो-इनसाठी रेषेबाहेर गेलेला वेस्ट हॅमचा खेळाडू गर्दीत अडकला होता. बोल्टन २-० ने जिंकलं. सुमारे हजार लोकांना दुखापती झाल्या, बहुतेक किरकोळ. मृत्यू एकही नाही.

याचं श्रेय लोक घोड्याला देतात. आमच्या मते जास्त श्रेय न बांधलेल्या कुंपणाला आहे. पायऱ्या आणि मैदान यांच्यात उंच जाळी नव्हती. मागून रेटा आला तेव्हा पुढचे लोक मैदानात उतरले आणि दाब मोकळा झाला. चेंगराचेंगरीत माणसं बहुधा पायदळी तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवर चारी बाजूंनी दाब येतो, फासळ्या फुगायला जागा राहत नाही आणि उभ्याउभ्याच श्वास थांबतो. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तो ढकलतच राहतो. पुढे पळवाट असेल तर माणसं वाचतात.

पळवाट नसेल तर काय होतं, ते १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर दिसलं. बाहेरची कोंडी फोडायला पोलिसांनी बाहेर पडण्याचं मोठं फाटक उघडलं. लोक बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरले. पुढे उंच लोखंडी जाळी होती. ९७ जणांचे प्राण गेले.

आकडा निघतो कसा

ब्रिटनमध्ये १९४६ साली बोल्टनच्या बर्न्डन पार्कवर ३३ आणि १९७१ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर ६६ प्रेक्षक दगावले. आयब्रॉक्सनंतर १९७३ मध्ये सरकारने क्रीडांगणांच्या सुरक्षेची मार्गदर्शिका काढली. तिच्या मुखपृष्ठावरून तिला 'ग्रीन गाइड' म्हणतात आणि आज जगभरचे स्टेडियम-अभियंते ती वापरतात. १९७५ च्या कायद्याने मोठ्या मैदानांना स्थानिक प्रशासनाकडून सुरक्षा प्रमाणपत्र घेणं बंधनकारक झालं. वेम्बलीला ते ब्रेंट कौन्सिल देते.

या पद्धतीत एका स्टेडियमसाठी चार वेगळे आकडे काढतात. पहिला, आत सुरक्षितपणे किती जण बसू किंवा उभे राहू शकतात. दुसरा, एका तासात फाटकांतून किती आत येऊ शकतात. तिसरा, सामना संपल्यावर आठ मिनिटांत किती जण प्रेक्षागारातून निघून मोकळ्या वाटांवर पोहोचू शकतात. चौथा, आग लागली तर ठरावीक वेळेत किती जण सुरक्षित जागी पोहोचतील. धोका किती त्यानुसार ही वेळ अडीच ते आठ मिनिटांच्या दरम्यान धरतात. चारांपैकी सर्वात लहान आकडा म्हणजे स्टेडियमची क्षमता. लाख खुर्च्या मांडल्या आणि फाटकं साठ हजारांची असली, तर क्षमता साठ हजारच.

आता हे गणित वेम्बलीवर करून पाहू. टर्नस्टाइल, म्हणजे एका वेळी एकालाच सोडणारं फिरतं फाटक, तासाला जास्तीत जास्त ६६० जणांचं धरतात. प्रत्यक्षात मोजणी कमी भरली तर तीच घ्यायची. १९२३ ला साडेअकरा ते तीन असे साडेतीन तास होते. त्या वेळात एक फाटक २,३१० जणांना आत घेईल. तेव्हा सांगितलेल्या क्षमतेइतक्या, म्हणजे १,२७,००० माणसांसाठी ५५ फाटकं पुरेत असं कागदावर दिसतं, पण त्यासाठी लोकांनी साडेअकरापासून एकसारखं यायला हवं. तसं कधीच होत नाही. बहुतेक गर्दी शेवटच्या तासात येते, म्हणूनच आजचा नियम साडेतीन तासांचा हिशेब न करता एकाच तासाचा करतो. त्या एका तासात तेवढीच माणसं घ्यायची तर १९३ फाटकं लागतील.

बाहेर पडण्याचा हिशेब रुंदीवर चालतो. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावर ६६. आठ मिनिटांत एक मीटर रुंद जिना ५२८ जण उतरवतो. ९०,००० लोकांसाठी सगळ्या जिन्यांची मिळून रुंदी १७१ मीटर हवी. ती सगळीकडे वाटलेलीही हवी, कारण माणूस घाईत बहुधा आलेल्या वाटेनेच परत जातो. एखादं दार कुलूपबंद निघालं तर तेवढे मीटर हिशेबातून वजा. १९८५ साली ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागली तेव्हा मागची बरीच दारं बंद होती. ५६ जण गेले. तिथे पुढे जाळी नव्हती, म्हणून मैदानाकडे पळालेले हजारो वाचले.

पहिला आकडा, आत किती मावतात हा, उभं राहणं आणि बसणं यावर ठरतो. उभ्यांसाठी कमाल मर्यादा १० चौरस मीटरला ४७ माणसं, म्हणजे चौरस मीटरला पाचाहूनही कमी. खुर्ची किमान ४६ सेंटिमीटर रुंद आणि रांग किमान ७० सेंटिमीटर खोल लागते. नव्या बांधकामात ५० आणि ८० अपेक्षित आहे. ५० गुणिले ८० म्हणजे ०.४ चौरस मीटर, चौरस मीटरला अडीच माणसं. उभ्यांची जागा बसणाऱ्यांना दिली की संख्या जवळपास निम्मी होते. शिवाय दोन गुणक लागतात. एक बांधकामाच्या अवस्थेचा, दुसरा व्यवस्थापनाचा, दोन्ही शून्य ते एकच्या दरम्यान. दोघांतला लहान घेऊन त्याने क्षमतेला गुणायचं. कठडे गंजलेत किंवा स्वयंसेवक कमी आहेत, तर रिकाम्या खुर्च्या ठेवूनच सामना खेळवायचा. एवढं सगळं धरलं की कळतं, १९२३ चा सव्वा लाख हा आकडा 'पायऱ्यांवर माणसं किती मावतील' या एकाच प्रश्नाचं उत्तर होता.

कुत्र्यांनी जगवलेलं स्टेडियम

त्या फायनलनंतर एफए कपच्या अंतिम सामन्याला तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला. प्रदर्शन संपलं आणि स्टेडियम विकायला निघालं. ते आर्थर एल्विन यांनी घेतलं आणि १९२७ मध्ये तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. वर्षातून एखाद-दोन मोठे फुटबॉल सामने होत. रोजचा खर्च कुत्रेच भागवत. १९६६ च्या विश्वचषकात उरुग्वे-फ्रान्स हा सामना व्हाइट सिटी स्टेडियमला हलवावा लागला, कारण त्या दिवशीची शर्यत रद्द करायला वेम्बलीच्या मालकांनी नकार दिला. विश्वचषकाच्या इतिहासात असं कारण दुसरं सापडणं कठीण.

शर्यतीच्या पट्ट्यामुळे प्रेक्षक मैदानापासून लांब गेले. नजरेचं गणित इथे महत्त्वाचं. आपली नजर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून किती अंतराने जाते, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. १२० असेल तर उत्तम, ९० चांगलं, ६० च्या खाली गेलं की मान वाकडी करावी लागते. पायऱ्या सपाट, उथळ असतील तर हा आकडा घसरतो. जुन्या वेम्बलीत पुढच्या रांगांना हीच अडचण होती, आणि मागच्यांना छपराच्या खांबांची.

१९४८ चं ऑलिंपिकही इथलंच. स्थानकापासून स्टेडियमपर्यंतचा ऑलिंपिक वे तेव्हाच झाला. त्यावर जर्मन युद्धकैद्यांनीही काम केलं. भारतीयांसाठी वेम्बलीची सर्वात मोठी तारीख त्याच वर्षीची, १२ ऑगस्ट. किशनलाल यांच्या नेतृत्वाखाली हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने ब्रिटनला ४-० ने हरवलं. बलबीर सिंग यांचे दोन गोल, तरलोचन सिंग आणि पॅट जॅन्सन यांचा एकेक. संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा यांच्यासारखे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी होते.

१९५५ ला प्रकाशझोत आले. १९६३ मध्ये चहूबाजूंनी छप्पर झालं आणि क्षमता एक लाखावर स्थिर झाली, त्यात निम्म्याहून अधिक उभ्याच्या जागा. तीन वर्षांनी इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ ने हरवून विश्वचषक इथेच जिंकला. जेफ हर्स्टचा चेंडू रेषा ओलांडून गेला होता की नाही, यावर अजून वाद होतात. तो वाद इथे सोडून देऊ.

हिल्सबरोनंतर पाच आठवड्यांनी लिव्हरपूल-एव्हर्टन एफए कप फायनल वेम्बलीत झाली, ती कुंपणाची जाळी काढून. हिल्सबरोची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवरच्या उभ्याच्या जागाच बंद करायला सांगितल्या आणि वरच्या दोन विभागांच्या क्लबांना १९९४ पर्यंतची मुदत मिळाली. वेम्बलीत सगळीकडे खुर्च्या बसल्या आणि आकडा ऐंशी हजारांवर आला. खुर्च्या मात्र उभ्यांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवर बसवल्या होत्या, त्यामुळे गुडघे पुढच्याच्या पाठीला लागत. स्वच्छतागृहं ३६१. हे स्टेडियम दुरुस्त होण्यातलं राहिलं नव्हतं.

कमान कशासाठी

७ ऑक्टोबर २००० रोजी जर्मनीने इंग्लंडला १-० ने हरवलं, तो जुन्या वेम्बलीतला शेवटचा सामना. जुन्या स्टेडियमच्या दर्शनी बाजूचे जुळे मनोरे वाचवण्याची मागणी झाली होती, पण ते अखंड काँक्रीटचे. उचलून बाजूला ठेवण्यासारखे नव्हते. २००३ मध्ये ते पाडले. मैदानाची पातळी खाली नेताना वॉटकिन यांच्या मनोऱ्याचा पाया सापडला.

नव्या स्टेडियमची १३३ मीटर उंच कमान पुष्कळांना शोभेची वाटते. ती भार पेलते. तिचा गाळा, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, ३१५ मीटर, पोलादी जाळीदार नळीचा व्यास ७ मीटर, वजन सुमारे १,७५० टन. उत्तरेकडचं सगळं छप्पर आणि दक्षिणेकडच्या छपराचा निम्म्याहून जास्त भार ती दोरखंडांनी उचलून धरते. त्यामुळे प्रेक्षकांत एकही खांब नाही. कमान जमिनीवर आडवी जोडली आणि २००४ मध्ये कित्येक आठवडे घेऊन टप्प्याटप्प्याने उभी केली.

आणखी एक गैरसमज आहे, वेम्बलीचं छप्पर पूर्ण मिटतं हा. मिटत नाही. सरकणारे पत्रे प्रेक्षकांना झाकतात. मैदान उघडंच राहतं. ते सरकवतात गवतासाठी. उंच स्टँड ऊन आणि वारा दोन्ही अडवतात, गवताची मुळं उथळ राहतात आणि बूट वळला की अख्खी ढेप निघते. २००७ च्या ऑक्टोबरात इथे अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. पुढच्याच महिन्यात फाटक्या मैदानावर इंग्लंड क्रोएशियाकडून २-३ हरलं आणि युरो स्पर्धेला मुकलं. हरण्याची कारणं इतरही होती, पण मैदान वाईट होतं यात शंका नाही. पुढची काही वर्षं गवत पुन्हापुन्हा बदलावं लागलं. २०१० मध्ये मिश्र पद्धत आली. नैसर्गिक गवतात यंत्राने प्लॅस्टिकचे धागे सुमारे २० सेंटिमीटर खोल टोचतात. मुळं त्यांना विळखा घालतात आणि माती धरून राहते. पृष्ठभागावर प्लॅस्टिक जेमतेम तीन टक्के. ऊन कमी पडतं तिथे चाकांवरचे दिवे फिरवतात.

बांधकाम रखडलं. पोलादाच्या ठेकेदाराशी वाद, न्यायालयं, मार्च २००६ मध्ये छपराची तुळई घसरल्याने रिकामी करावी लागलेली जागा. २००६ ची एफए कप फायनलही कार्डिफला झाली. अखेर मार्च २००७ मध्ये ताबा मिळाला. सगळा खर्च ७९८ दशलक्ष पौंडांच्या घरात. खालच्या थरात ३४,३०३ खुर्च्या, मधल्यात १६,५३२, वरच्यात ३९,१६५. बेरीज बरोबर ९०,०००. मधला थर वर्षानुवर्षांच्या करारावर महाग विकला जातो आणि बांधकामाच्या कर्जाचा मोठा वाटा तिथून फिटला. स्वच्छतागृहं २,६१८. ही चैन नव्हे: मध्यंतर १५ मिनिटांचं असतं, आणि रांग संपली नाही तर जिन्यांच्या तोंडाशी गर्दी साचते. संगीताच्या कार्यक्रमांना ९०,००० पेक्षा जास्त लोक येऊ शकतात, कारण तेव्हा मैदानावर उभे राहता येतं. व्यासपीठामागचे स्टँड मात्र रिकामे ठेवावे लागतात.

११ जुलै २०२१

युरो स्पर्धेची अंतिम फेरी, इंग्लंड विरुद्ध इटली. कोविडमुळे सुमारे ६७,००० जणांनाच परवानगी होती, म्हणजे आत वीस हजारांहून जास्त खुर्च्या रिकाम्या. हे बाहेरच्यांना ठाऊक होतं. सामना रात्री आठचा, पण लोक सकाळपासून जमून पीत होते. पोलिसांची मोठी कुमक त्या मानाने उशिरा आली. सुमारे दोन हजार जण तिकिटाशिवाय आत घुसले. काही जण तिकीटवाल्याच्या पाठीला चिकटून टर्नस्टाइलमधून गेले. मोठे लोंढे अपंगांसाठीच्या फाटकांतून आणि आपत्कालीन दारांतून शिरले. बॅरोनेस लुईस केसी यांच्या चौकशीत असे १७ प्रसंग नोंदले आहेत.

अडचण दाराच्या रचनेतच आहे. आपत्कालीन दार आतून एका धक्क्यात, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, नाहीतर ब्रॅडफर्ड होतं. पण मग आतल्या एकाने ते धक्क्याने उघडलं की बाहेरचे शंभर जण आत. कुलूप लावता येत नाही, उघडं ठेवता येत नाही. सामना संपण्याआधी बाहेर जाण्याची मोठी फाटकं उघडावीच लागतात. त्या रात्री इंग्लंड जिंकलं असतं तर आणखी सुमारे सहा हजार जण त्याच क्षणी आत घुसण्याच्या तयारीत होते, असं केसी यांचा अहवाल सांगतो. म्हणजे बाहेर पडणारे हजारो आणि आत येणारे हजारो, एकाच दारात समोरासमोर. इंग्लंड पेनल्टीवर हरलं.

यावर दार आणखी मजबूत करणं हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा दारापासून लांब असतो. तिकिटाची पहिली तपासणी स्टेडियमच्या भिंतीपाशी न करता बाहेरच्या कड्यावर करायची, म्हणजे बिनतिकीट माणूस दारापर्यंत पोहोचतच नाही. स्थानकापासूनची गर्दी मोठ्या टप्प्यांत थोपवून सोडायची. प्रत्येक आपत्कालीन दारापाशी माणूस ठेवायचा, आणि तो त्या दारावरून हलवून दुसरीकडे मदतीला पाठवायचा नाही.